हलकं पाणी

“इथे कुठलंही पाणी मिळत नाही” अशी पाटी लावलेल्या फाटकातून सुरुचीने आत पाऊल टाकलं आणि ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली. तेही जानेवारीच्या सकाळी, गार वारा सुटलेला असताना!

झालं असं, की आगाशीच्या रस्त्यावरची ती नर्सरी शोधता शोधता तिचं डोकं आधीच फिरलं होतं. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातून पार पश्चिमेला यायचं, त्यात रिक्षावाल्याने भलत्याच वाड्यांसमोर नेऊन उभं केलं. शेवटी ही पाटी दिसली आणि ती वाचून तिचा पारा आणखीच चढला. तिने फाटक धाडकन ढकललं. आत एक तरुण पाठमोरा उभा राहून मोगऱ्याच्या रोपांना पाइपने पाणी घालत होता. फाटक करकरलं तसा तो गर्रकन वळला. आणि तो वळला म्हणजे पाइपही वळणारच की!

“अगं आई गं!”

“सॉरी, सॉरी!” त्याने पाइप टाकला. टाकलेल्या पाइपने त्याचेच पाय भिजवले. “अहो, मला वाटलं... वासरू आलं.”

“काय?”

“म्हणजे... शेजारच्यांचं वासरू. रोज फाटक ढकलून आत येतं आणि माझी रोपं खातं. तुम्हाला नाही म्हटलं हो वासरू!”

“म्हणा की. लोक डायरेक्ट म्हैस म्हणतात, तुम्ही वासरावर भागवलंत, उपकारच झाले,” सुरुची ओढणी पिळत म्हणाली. “आणि पाटी काय लावलीय? पाणी मिळत नाही! मग हे अंगावर ओतलंत ते काय?”

तो हसला. म्हणजे हसू दाबायला गेला आणि ते डोळ्यांतून बाहेर आलं. “मागणाऱ्याला मिळत नाही. न मागता येणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे.”

आता खरं तर सुरुची भांडायला आली होती. शाळेत ड्रॉइंग शिकवणारी ती बाई, वर्गातल्या साठ कार्ट्यांना नुसत्या भुवईवर गप्प बसवणारी. पण त्याने आतून आणून दिलेल्या कोऱ्या टॉवेलला उन्हाचा वास येत होता, आणि तो टॉवेल देताना बिचारा दुसरीकडे बघत होता. तिचा राग एक पायरी खाली उतरला. एकच हं, जास्त नाही.

“मला त्या बाईंना भेटायचंय,” ती म्हणाली. “हलकं पाणी सांगणाऱ्या. व्हिडिओतल्या.”

त्याच्या डोळ्यांतलं हसू तिथल्या तिथे विझलं. “त्या गावाला गेल्यात.”

“कधी येतील?”

“काही सांगता येत नाही. लांब आहे गाव.”

तेवढ्यात केळीच्या पलीकडच्या घरातून खणखणीत आवाज आला, “विघ्नेस! कोन आलंय रं? चा ठेवू काय?”

त्याने आभाळाकडे बघितलं. सुरुचीने त्याच्याकडे बघितलं.

“गाव फार लांब दिसत नाही,” ती म्हणाली.

“बसा,” विघ्नेश म्हणाला, आणि एक उलटी कुंडी तिच्यापुढे सरकवली. “आधी माझं ऐका, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.”

“नाही. आधी तुम्ही माझं ऐका.”

आणि सुरुचीने सांगितलं. तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल तसाच. दिवाळीच्या सुमारास आला होता. एक हसरा चेहरा, कपाळावर मोठी टिकली, हिरव्या बांगड्यांचे हात आणि उकळणारं पातेलं. पातेल्यात गवती चहा, ओव्याची पानं, जिरं. बाई गोड आवाजात म्हणतात, “हे पानी घ्यायचं. कसं अंग हलकं होतं बघा.” आणि खाली भडक पिवळ्या अक्षरांत – वसईचं हलकं पाणी! महिन्यात दहा किलो गायब! डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत!

“माझी आई रोज पिते. खरं तर तिने ते माझ्यासाठी सुरू केलं होतं. मला बघायला आलेल्या नायगावच्या लोकांनी कळवलं, मुलगी छान आहे, थोडं वजन उतरवलंत तर पुढे बोलू. मग काय, आई म्हणाली तू पी, तुला सोबत म्हणून मीही पिते. मी माझा ग्लास कुंडीत ओतायची. आई इमानाने प्यायची.” सुरुचीचा आवाज थोडा अडखळला. “आईला शुगर आहे. आणि हे पाणी आहे ना आता, म्हणून तिने गोळ्या बंद केल्या.”

विघ्नेशने मान वर केली.

“पुढचं ऐका. तिचं वजन खरंच उतरतंय. ब्लाऊजला टिपा मारून मारून ती दमली, आणि खूश आहे! सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय, बघा पाण्याची कमाल. आमच्या डॉक्टरांना मी विचारलं तर ते म्हणाले, ही कमाल पाण्याची नाही, साखर वाढत चाललीय. गोळ्या सोडल्या, साखर चढली, की अंग असंच झडतं. सारखी तहान, सारखं बाथरूम, दुपारी बसल्या जागी पेंगणं... सगळं होतंय तिला. पण तपासायला येत नाही. म्हणते, डॉक्टर कसे सांगतील? त्यांनी सांगायचं नाही हे व्हिडिओत लिहिलंच होतं!”

पाइपमधून पाणी आपलं वाहतच होतं. विघ्नेशने उठून नळ बंद केला.

“ती माझी आई आहे,” तो म्हणाला. “द्वारका तिचं नाव. व्हिडिओ मीच काढला होता, घरच्या ग्रुपवर टाकायला. तिथून तो कुठे गेला, कुणी उचलला, देव जाणे. आई काय म्हणाली होती माहितीय? ‘दिवसभर वाडीत राबून कंबर मोडली का सांजेला हे पानी घ्यायचं. कसं अंग हलकं होतं बघा.’ पुढचं अर्धं कुणीतरी कापून टाकलं. आणि मला सांगा, ताप उतरला की आपण काय म्हणतो?”

“अंग हलकं झालं...” सुरुची हळूच म्हणाली.

“मग? त्यात किलो कुठून आले?”

सुरुचीला एकदम हसूही आलं आणि रडूही. जन्मभर ती हे दोन शब्द बोलत आली होती. अंगाचा ठणका गेला, थकवा गेला, बरं वाटलं, की अंग हलकं झालं. आणि पिवळी अक्षरं बघताच तिलाही पहिल्यांदा वजनकाटाच दिसला होता!

“मग हे त्यांनाच माझ्या आईला सांगू दे ना!”

“तिला यातलं काहीच माहीत नाही. तिच्याकडे साधा फोन आहे. व्हिडिओखाली कुणीतरी पत्ता लिहिलाय, लोक येतात, मी फाटकातूनच परत पाठवतो. आख्ख्या जगासमोर आपल्या तोंडी कुणी खोटं घातलंय हे तिला कळलं ना, तर ती जेवायची थांबेल. मी ओळखतो तिला.” तो जरा थांबला. “मी येतो तुमच्या घरी. मी सांगतो.”

“आई ऐकणार नाही.”

“बघू. नाव काय तुमचं?”

“सुरुची.”

“म्हणजे खाण्याची आवड?”

“म्हणजे चांगली चव,” ती फाटकाकडे जात म्हणाली. “आणि त्या पाटीवरचं ‘कुठलंही’ तिरकं गेलंय. अक्षर सुधारा.”

*

तो रविवारी आला. हातात सुकेळ्यांचा पुडा. आगाशीची ती सुकवलेली राजेळी केळी, मधाच्या रंगाची. आणली खरी आणि दारातच जीभ चावली. शुगर असलेल्या बाईकडे सुकेळी घेऊन आलोय आपण! सुरुचीने पुडा मुकाट्याने काढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यातलं एक तोंडात टाकलं. डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तो दारातून बघत होता, आणि बघताना पकडला गेला म्हणून कॅलेंडर वाचायला लागला.

मनोरमाबाई बाहेर आल्या. चेहरा ओढलेला, गळ्याजवळची हाडं वर आलेली, पण तोरा बघाल तर निवडणूक जिंकल्यासारखा. विघ्नेशने सगळं सांगितलं. अगदी शांतपणे, अर्धं वाक्य, हलकं म्हणजे काय, सगळं. त्या ऐकत होत्या, मधूनमधून तांब्यातलं पाणी पीत होत्या.

“झालं तुमचं?” त्या म्हणाल्या. “आता मला सांगा, तुम्ही त्या बाईंचे चिरंजीव कशावरून?”

“अहो काकू, मी—”

“आमच्या सुरुचीने कुणाला तरी पढवून आणलं नसेल कशावरून? ती काही साधी नाही. रोज तिचा ग्लास ती मनीप्लांटला पाजते. मला दिसत नाही होय? तो मनीप्लांट वाळला, ही आहे तशीच आहे!”

सुरुचीने कपाळावर हात मारला.

“बाईंनी स्वतः माझ्यासमोर सांगितलं तर मी मानीन. दुसऱ्या कुणाचंही मानणार नाही. आणि शनिवारी माझं हळदीकुंकू आहे. यंदा वाण काय देतेय माहितीय?” मनोरमाबाईंनी अभिमानाने एक परडी पुढे ओढली. परडीत छोट्या छोट्या पुड्या, वाळवलेला गवती चहा आणि जिरं. वर चिठ्ठी – हलकं पाणी, रोज रिकाम्या पोटी. “सगळ्या बिल्डिंगला. दुसऱ्या मजल्यावरच्या ॲंजेलालासुद्धा. बिचारीला प्रेशर आहे, गोळ्या खाऊन खाऊन कंटाळलीय.”

सुरुचीने मनातल्या मनात पुड्या मोजल्या. एकटी आई नव्हती आता, आख्खी बिल्डिंग होती.

“तुम्हीही घ्या ना थोडं,” असं म्हणत मनोरमाबाईंनी विघ्नेशच्या हातात त्याच्याच आईच्या काढ्याचा ग्लास दिला आणि समोर बसल्या. “शिक्षण काय झालं तुमचं? घरी कोण कोण असतं?”

जिना उतरताना सुरुची हसून हसून कठड्याला टेकली. “पंधरा मिनिटांत पत्रिका सोडून सगळं विचारलं!”

“रास विचारली. तुम्ही आत होतात तेव्हा.” विघ्नेशचे कान लाल झाले होते. मग तो एक पायरी खाली जाऊन थांबला. आता दोघांचे डोळे एका पातळीवर आले. “तुम्ही ते पाणी कुंडीत ओतत होतात... ते बरं केलंत.”

“का? चव वाईट आहे म्हणून?”

“नाही. उगाच काहीतरी कमी झालं असतं तर... मला नसतं आवडलं.”

तो घाईघाईने उरलेला जिना उतरला. सुरुची तिथेच उभी. वय वर्षं सत्तावीस, आणि कुणी असं बोललंच नव्हतं कधी. बोलणारे सगळे किती उतरवायचं तेच सांगत आले होते. पण वर गेली आणि ती परडी पुन्हा दिसली. तिने मनाशी ठरवलं, की द्वारकाबाईंना शनिवारी मनवेलपाड्यात आणायचं. मुलगा हो म्हणो, नाहीतर नाही म्हणो.

*

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती सरळ आगाशीला गेली. काखेत गुंडाळलेला कागद होता. विघ्नेशसाठी तिने नवी पाटी रंगवली होती, कडेने मोगऱ्याची वेल, अक्षरं सरळ. नुसता पाटी द्यायला आलेय असं सांगायचं होतं. पण विघ्नेश नर्सरीत नव्हता, आणि केळीच्या पलीकडून बांगड्यांचा आवाज येत होता. ती थांबली नाही.

अंगणात एक बाई भाजीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. तोच चेहरा. तीच टिकली. पण व्हिडिओत नुसता चेहरा आणि हात होते हो! बाकीच्या द्वारकाबाई त्या चौकटीत मावल्याच नव्हत्या. रुंद खांदे, भरलेले दंड, पाटावर बसल्या होत्या तर पाट दिसत नव्हता. चांगल्या ऐसपैस, भक्कम बाई.

आणि सुरुची हसली. काय करणार, तिला आवरलंच नाही. महिन्यात दहा किलो गायब करणाऱ्या बाई त्या याच! फस्सकन हसू बाहेर आलं.

द्वारकाबाईंचे हात थांबले. “कोन गं तू? आन् हसली कशाला?”

“अहो, तसं नाही... तुमच्या पाण्याने लोक बारीक होतात म्हणे, आणि तुम्ही...” बोलता बोलता तिला आपलेच शब्द ऐकू आले. पण तोंडातून निघून गेले होते.

मग सगळं सांगावंच लागलं. तिने मोबाइल पुढे केला. द्वारकाबाईंनी तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा पाहिला. तेवढ्यात धावत आलेला विघ्नेश केळीपाशीच थबकला.

“माजं बोलनं कुनी कापलं?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचं माहेर भातशेतीच्या गावातलं, त्यांच्या बोलण्यात ‘ण’ कधी आलाच नाही. “मी कधी बोलले बारीक व्हा म्हनून? आन् लोक मला बघून हसतात... असं हसतात होय?”

जुड्या तशाच टाकून त्या उठल्या आणि आत गेल्या. दार लागलं.

“मिळालं हवं ते?” विघ्नेशने विचारलं. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं. “वजनावरून हसलेलं कसं लागतं, हे तुम्हाला सांगायला हवं होतं का?”

तुम्हाला म्हणून सांगते, त्या वेळी सुरुचीला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती पळाली नाही. ती त्या बंद दारापाशी गेली, पायरीवर बसली आणि दाराशीच बोलायला लागली.

“मावशी, माझं चुकलं. मला बघायला आले ना, तेव्हा त्यातली एक मुलगी मला चहाचा ट्रे घेऊन येताना बघून अशीच फस्सकन हसली होती. मी आठवडाभर आरशात बघितलं नाही. आणि आज मी तुम्हाला तेच केलं. तुम्ही रागवा माझ्यावर, काय बोलायचं ते बोला. पण माझी आई तुमच्यावर विश्वास ठेवून बसलीय, माझ्यावर नाही. तिने गोळी घेतली नाही तर तिचं काय होईल हे मला कळतंय, तिला कळत नाही. ती दुसऱ्या कुणाचंच ऐकत नाही. शनिवारी संध्याकाळी हळदीकुंकू आहे. तुम्ही आलात तर... मला मनापासून हवंय की तुम्ही यावं.”

दार उघडलं नाही. आतून पातेल्याचाही आवाज आला नाही. सुरुचीने गुंडाळलेला कागद पायरीवर ठेवला, विघ्नेशकडे न बघता त्याच्याजवळून निघून गेली. रिक्षात बसल्यावर मात्र डोळे वाहायला लागले, आणि ते थेट स्टेशनपर्यंत वाहत होते.

*

शनिवारी मनोरमाबाईंचा हॉल बायकांनी भरला. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, अत्तर, गुलाबपाणी. सुरुची दोन दिवस आईशी भांडून थकली होती. पुड्या लपवल्या तर आईने शोधून काढल्या. चिठ्ठ्या फाडल्या तर आईने नव्या लिहिल्या. आता तिने शेवटचं ठरवलं होतं, की आई वाण द्यायला उठली की आपण सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि बोलायचं. आईचा अपमान झाला तरी चालेल.

मनोरमाबाई परडी घेऊन उठल्या. उठताना सोफ्याची पाठ धरली, एक क्षण डोळे मिटले. सुरुचीने ते पाहिलं आणि ती पुढे झाली.

“आई, थांब.”

“तू मध्ये पडू नकोस!”

“हलदीकुकवाला यायला उशीर झाला काय?”

दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. हिरवी नऊवारी, अंबाड्यावर त्यांच्या वाडीतल्या अबोलीचा एवढा मोठा गजरा. दार त्यांनी पुरतं भरून टाकलं होतं. त्यांच्या खांद्यामागून विघ्नेशचं नुसतं कपाळ दिसत होतं.

मनोरमाबाईंनी आवाज ओळखला. चेहरा ओळखला. मग नजर खाली खाली गेली, आणि तोंड उघडं ते उघडंच. “तुम्ही... त्या पाणीवाल्या?”

“मीच ती. नीट बघून घे.” द्वारकाबाई आत आल्या आणि हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “लगीन होऊन आले तवापासून हे पानी पिते मी. झालेय का हलकी?”

मग ॲंजेला खुदकन हसली, आणि द्वारकाबाई स्वतःच इतक्या मोठ्याने हसल्या की सगळ्या बायकाही हसत सुटल्या. त्या हसण्यात सुरुची तेवढी नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“वाडीत दिवसभर वाकून कंबर धरते. मग सांजेला गरम पानी घेतलं का ठनका जातो. त्याला मी म्हनते हलकं. वजनाचं मी काय पन बोलले नाय, ते कुनी मेल्याने चिकटवलं.” त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि त्यातून गोळ्यांची पट्टी काढून मनोरमाबाईंच्या हातावर ठेवली. “ही बघ. माजी साखरेची गोली. रोज सकाली घेते. पानी सांजेला, गोली सकाली. पानी पिऊन मी गोली सोडली नाय, मग तू कुनाला विचारून सोडली?”

मनोरमाबाई त्या अर्ध्या संपलेल्या पट्टीकडे बघत राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात हीच पट्टी होती, न उघडलेली.

“मी... माझं खरंच उतरलं हो वजन,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मला वाटलं पोरीचंही उतरेल. तिचं लग्न...”

“तुजी पोर माज्या दाराशी बसून रडली. तुज्यासाठी.” द्वारकाबाईंनी त्यांचा हात धरला. “असली पोर कुनी वजनावर तोलतं काय? आन् तू राहिली नायस तर तिला लगनात उभं कोन करनार?”

मनोरमाबाई खाली बसल्या. आधी नुसत्या बसल्या, मग पदर तोंडाला लावला. सुरुची त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. “उद्या सकाळी जाऊ या का गं तपासायला?” मनोरमाबाईंनी विचारलं, अगदी लहान आवाजात. “तू येशील ना बरोबर?”

“येणार नाही तर काय!”

वाण वाया गेलं नाही. ॲंजेलाने पेन काढलं, आणि सगळ्या बायकांनी बसून पुड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या – थकल्यावर घ्या, बरं वाटतं. वजन उतरत नाही. गोळ्या सोडू नका. मग द्वारकाबाईंनी मुलाला हाक मारली, “विघ्नेस, फोन काढ. आता आख्खी काढ मला. डोक्यापासून पायापत्तुर. नुसता तोंडाचा नको.”

खरं सांगायचं तर तो व्हिडिओ पहिल्याएवढा काही चालला नाही. खालीच कुणीतरी लिहिलं, ही बाई खोटी आहे, खरी बारीक होती. पण मनवेलपाड्यातल्या बायकांनी तो आपापल्या माहेरी पाठवला, आणि तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा आकडा बघून डॉक्टर मनोरमाबाईंना इतके रागावले, की त्या बिचाऱ्या खुर्चीत आणखीच बारीक झाल्या. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला साखर बघायची, असं ठरलं.

*

संक्रांतीचे दिवस सरता सरता एका संध्याकाळी विघ्नेश आला. हातात मोगऱ्याचं रोप, वाळलेल्या मनीप्लांटच्या जागी ठेवायला. वर चहा झाला, गप्पा झाल्या. निघतो म्हणाला आणि खाली येऊन बाइकपाशी उभा राहिला. उभाच राहिला. सुरुची त्याला सोडायला आली होती.

“पाटी लावली,” तो म्हणाला. “तुमची. वेलीची. लोक आता पाटीचाच फोटो काढतात.”

“अक्षर सरळ आहे ना.”

“हो...” त्याने किल्ली लावली. किल्ली काढली. “त्या दिवशी मी तुम्हाला बोललो ते...”

“बरोबर बोललात.”

“आई म्हणते, दाराबाहेर बसून माफी मागणारी मुलगी तिने पहिल्यांदा बघितली. म्हणते, ही पोरगी सोडू नको.” त्याने किल्ली पुन्हा लावली. “म्हणजे... हे आई म्हणते.”

“आणि आईचा मुलगा काय म्हणतो?”

“त्याची तब्येत बरी नाही.”

“अगोबाई! काय होतंय?”

“इथून निघताना दर वेळी होतं. पाय जड होतात.”

सुरुचीने ओठ घट्ट मिटले. हसू दाबायला गेली आणि ते डोळ्यांतून बाहेर आलं. “त्यावर आमच्या वसईत एक पाणी मिळतं म्हणे.”

“त्याने नाही जाणार हे,” तो म्हणाला, आणि आता तो कुठेही दुसरीकडे बघत नव्हता. “सुरुची, लग्न करशील माझ्याशी? आहेस तशी ये. कणभर कमी होऊन नको.”

तुम्हीवरून तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. इतके दिवस किती भांडली होती ती, आईशी, याच्याशी, पिवळ्या अक्षरांशी. आता एवढासा शब्द बोलायचा, तर आवाज फुटेना!

“हो,” ती म्हणाली. “पण माझी एक अट आहे. आपल्या घरात वजनकाटा—”

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली. मनोरमाबाई कठड्यावरून वाकल्या होत्या. एका हातात साध्या पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हाताच्या चिमटीत काहीतरी पांढरं.

“सुरुचे! हे बघ, संध्याकाळची गोळी! तू सांगायच्या आधी घेतेय हं!”

आणि दोघांच्या देखत त्यांनी ती तोंडात टाकली, घोटभर पाणी प्यायल्या आणि जीभ काढून दाखवली, शाळेतल्या मुलांसारखी.

सुरुचीने एक लांब श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी.

“काय झालं?” विघ्नेशने विचारलं.

“काही नाही रे,” ती त्याचा हात धरत म्हणाली. “अंग हलकं झालं.”